चाचण्या पास, पण उत्तर चुकीचे: स्वतःच्या सी कंपायलरची तपासणी

प्रश्न : मी ६४-बिट लिनक्ससाठी सी भाषेचा छोटा कंपायलर लिहीत आहे. पॉइंटर (मेमरीतला पत्ता) आणि स्ट्रक्चर (अनेक मेंबरांचा एकत्र गट) यांवरच्या माझ्या सर्व चाचण्या पास होतात. मात्र लायब्ररीतील लोकलटाइम या फंक्शनने दिलेल्या टीएम स्ट्रक्चरमधून तारीख बरोबर मिळते आणि ग्रिनिचपासूनचा फरक १९८०० सेकंद यायच्या जागी भलताच मोठा आकडा येतो. चाचण्यांत काय राहिले असावे?
– एक विद्यार्थी वाचक

उत्तर : आपल्या चाचण्यांत लिहिणारा आणि वाचणारा एकच आहे, हे या दुखण्याचे मूळ आहे. टीएम स्ट्रक्चरमध्ये आधी नऊ इंट (प्रत्येकी ४ बाइटांचे पूर्णांक), म्हणजे ३६ बाइट, आणि त्यानंतर हा फरक साठवणारा लाँग (८ बाइटांचा पूर्णांक) असतो. लाँगला ८ ने भाग जाणारा पत्ता लागत असल्याने मध्ये चार बाइट रिकामे सोडून तो ४० व्या ऑफसेटवर (स्ट्रक्चरच्या सुरुवातीपासून ४० बाइटांवर) बसतो. आपला कंपायलर बहुधा तो ३६ वर शोधत आहे. आपल्याच प्रोग्रामने ३६ वर लिहून ३६ वरूनच वाचले, तर उत्तर जुळणारच, कारण एक्स८६ प्रोसेसर अशा आडनिड्या पत्त्यावरूनही निमूटपणे वाचतो. म्हणून चाचणी दोन फाइलींत विभागावी; स्ट्रक्चर भरणारे फंक्शन आपल्या कंपायलरने आणि तपासणारे जीसीसी या प्रचलित कंपायलरने कंपाइल करून दोन्ही ऑब्जेक्ट फाइली लिंक कराव्यात आणि नंतर अदलाबदल करून तीच चाचणी पुन्हा चालवावी. एवढे एक काम आपण आजच करावे, असा माझा आग्रह आहे.

पॉइंटरची परीक्षा केवळ इंटवर भागवू नये. कॅर (१ बाइटाचे अक्षर), इंट, कॅर अशा क्रमाच्या स्ट्रक्चरचा आकार १२ बाइट होतो. त्याच्या पॉइंटरमध्ये १ मिळवल्यास पत्ता १२ ने सरकला पाहिजे आणि दोन पॉइंटरांच्या वजाबाकीला १२ ने भागले पाहिजे. १२ हा दोनचा घात नसल्यामुळे, गुणाकार-भागाकाराऐवजी नुसते शिफ्ट करून (बिट सरकवून) वेळ मारून नेली असेल तिथे चूक उघडी पडते. ॲरेचा एकेक घटक लिहून लगेच वाचण्याऐवजी आधी सगळे घटक वेगवेगळ्या किमतींनी भरावेत आणि मगच पहिल्यापासून वाचावेत. पत्ता ४ नेच सरकत असेल, तर दुसऱ्या घटकाचा पहिला कॅर पहिल्या घटकाच्या इंटवर जाऊन बसतो, आणि हे लगेच वाचल्यास कधीच लक्षात येत नाही.

स्ट्रक्चर किमतीने पाठवणे आणि परत करणे हेही दोन कंपायलरांच्या मध्येच तपासावे. सिस्टिम व्ही नियमांनुसार (लिनक्सवर फंक्शनांनी किमती कशा द्यायच्या-घ्यायच्या याच्या संकेतांनुसार) १६ बाइटांपर्यंतचे साधे स्ट्रक्चर सहसा रजिस्टरांतून, म्हणजे प्रोसेसरमधल्या साठवणजागांतून जाते, त्याहून मोठे मेमरीतून. त्यामुळे १२, १६ आणि २४ बाइटांचे नमुने घ्यावेत, आणि त्यांत दोन डबल (अपूर्णांक साठवणारे मेंबर) असलेला एक जरूर असावा.

निकाल ताडताना मेमसीएमपी (दोन जागांतले बाइट जसेच्या तसे ताडणारे फंक्शन) मात्र वापरू नये. रिकाम्या सोडलेल्या बाइटांत काय असेल याची हमी सी भाषा देत नाही, तेव्हा एकेक मेंबर स्वतंत्रपणे ताडून पाहावा.