निवृत्तीनंतर वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आठवड्याला दोन दिवस इंजिनिअर-सल्लागार म्हणून काम केलं तर पेन्शन बंद होईल का? कराचं काय?

नाही, ५८ नंतर सुरू झालेली ईपीएफची पेन्शन अशा कामामुळे थांबत नाही. वडोदऱ्यात अनुभवी माणसं हवीच आहेत, काम जरूर घ्या. फसगत होते ती आगाऊ करात, म्हणजे वर्ष संपण्याआधीच हप्त्यांनी भरायच्या करात. साठी ओलांडलेल्यांना तो माफ असतो, पण सल्ल्याची फी हे व्यावसायिक उत्पन्न, आणि ते सुरू झालं की माफी जाते. टीडीएस कापला म्हणून निर्धास्त राहू नका: तो वजा करून १०,००० रुपये किंवा जास्त कर उरत असेल आणि तो आगाऊ भरला नसेल तर व्याज लागतं. इंजिनिअरला निम्मी फी उत्पन्न म्हणून दाखवायची सोय आहे. ती घेतलीत तर सगळा आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरता येतो. पगारावर ठेवलं तर ही कटकट नाही. केंद्र सरकारच्या गट ‘अ’ अधिकाऱ्यांना मात्र निवृत्तीनंतर वर्षभर खासगी कामासाठी आधी परवानगी लागते.