मधला सूर सोडायच्या आधी हे वाच

अगं पोरी,

चौघांचा गाण्याचा ग्रुप सोडू का असं तू विचारलंयस, पण तो तुझा खरा प्रश्नच नाहीये. चौघांत माझा आवाज कुणाला ऐकू येतो का, हे विचारायचंय तुला, मग सरळ विचार ना, त्या सोप्रानोच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या आवाजात गाणारीच्या, रीलला किती लाइक्स आले ते मला कशाला सांगत बसलीस. तर उत्तर असं की नाही येत. ऑल्टो, म्हणजे तुझ्यासारखी मधल्या आवाजात गाणारी, वेगळी ऐकू यायला लागली की बहुतेक वेळा काहीतरी चुकतंय असंच समजायचं. पण तू गप्प बसलीस ना, की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळतं काहीतरी गेलं म्हणून, काय गेलं ते त्याला सांगता येत नाही एवढंच.

खोटं वाटत असेल तर पुढच्या रिहर्सलला करून बघ. एखाद्या सेव्हन्थ कॉर्डवर थांबा, म्हणजे चौघांनी एकदम धरलेले चार सूर, सा ग प आणि कोमल नी. आधी पंचमवाल्याला गप्प कर, फारसं बिघडणार नाही. मग सा काढ, खाली बेस वाजत असेल तर तोही कुणाला आठवणार नाही. आता तुझा गंधार काढ. शुद्ध गंधाराची मेजर कॉर्ड आहे की कोमल गंधाराची मायनर, तेच कळेनासं होतं. जॅझमधली कॉर्ड उभी असते ग आणि नीवर, आणि ते पुष्कळदा मधल्या आवाजांच्याच वाट्याला येतात. म्हणून म्हणते, मधला सूर सोडू नकोस.

आणि तो गंधार नेमका कुठे लावायचा हे तुला तिथलं कुणी शिकवायची गरज नाही, तुझ्या क्लासमधल्या बाईंनी केव्हाच शिकवलंय. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप बोलणारा गंधार आठव. पियानोचा गंधार त्याहून १४ सेंट चढा असतो, म्हणजे अर्ध्या सुराचा सातवा हिस्सा, ऐकायला एवढुसा पण कॉर्डमध्ये खुपतो. नुसत्या गळ्यांवर गाताय तेव्हा तानपुऱ्याचा लाव, मोबाइलवरचं ट्यूनर अॅप उतरलाय म्हणून लाल दिवा दाखवेल, दाखवू दे. कीबोर्ड सुरू झाला की मुकाट पियानोचा धर. मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, मात्र घरी ठेवून जा बाई, एकटीनं गाशील तेव्हा हवी तेवढी घे. चौघांतला एक सूर हलला की कॉर्ड चिखलात जाते.

फोर फ्रेशमेन ऐकलेस का, की नुसतं हो हो म्हणालीस? १९४८ साली इंडियानापोलिसच्या म्युझिक कॉलेजातली चार पोरं, सुरुवात बार्बरशॉपपासून, म्हणजे वाद्यांशिवाय चौघांनी मिळून गायच्या गाण्यापासून, पुढे स्वतःच वाद्यंही वाजवायची. १९५०मध्ये जॅझ बँडवाल्या स्टॅन केंटननं त्यांना अमेरिकेतल्याच डेटनला ऐकलं आणि कॅपिटॉल रेकॉर्ड्सकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला. त्यांचे आवाज एकमेकांना चिकटून नसायचे, ऐसपैस पसरलेले असायचे, ट्रोम्बोनचा ताफा वाजावा तसे. वर बॉब फ्लॅनिगन, सगळ्यांना आठवतो तो, आणि मध्ये बार्बर भाऊ, रॉस आणि डॉन. पुढे बीच बॉइज हा पॉप ग्रुप काढणारा ब्रायन विल्सन पोरवयात त्यांच्या रेकॉर्ड्स लावून पियानोवर एकेक आवाज वेगळा काढत बसायचा. वरची चाल तर कुणीही गुणगुणेल, त्यासाठी पियानो कशाला लागतोय, तो मधले सूर शोधत होता!

जॅझ करायचं की पॉप, या तुमच्या ग्रुपमधल्या भांडणाचा मला कंटाळा आलाय. मॅनहॅटन ट्रान्सफर या चौघा गायकांच्या अमेरिकन ग्रुपनं १९८१च्या अल्बमवर एकाच वर्षी पॉपचंही ग्रॅमी घेतलं आणि जॅझचंही, विषय संपला.

पण त्यांची जॅनिस सीगल तुला माहीत असायलाच हवी. १९७२मध्ये त्या ग्रुपचा टिम हाउझर न्यूयॉर्कला टॅक्सी चालवत होता, आधीचा ग्रुप फुटलेला, एका पॅसेंजरच्या ओळखीतून तो जॅनिसपर्यंत पोचला. ती ऑल्टो. वेदर रिपोर्ट या जॅझ बँडची बर्डलँड म्हणजे मुळात नुसती वाद्यांची रचना, जॉन हेंड्रिक्सनं तिच्यावर शब्द लिहिले आणि चार गळ्यांसाठी तिची मांडणी केली ती जॅनिसनं, १९७९च्या अल्बममध्ये. त्या अरेंजमेंटचं ग्रॅमी तिच्या नावावर आहे. मला तर यात नवल वाटतच नाही, मधे उभी राहणारी बाई वरचंही ऐकते आणि खालचंही, कुणाला कुठे श्वास लागतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. आणि गाण्याला हवं असेल तेव्हा ती पुढे येऊन लीडही गायची, गाणं संपलं की परत आपल्या जागेवर. २०२३च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसला शेवटचा कार्यक्रम झाला तेव्हाही ती होती. पन्नास वर्षांहून जास्त! तुझी रीलवाली पन्नास आठवडे टिकू दे, मग बोलू.

रागावू नकोस. मी असं का बोलते ते तुला माहितेय.

आमच्या ग्रुपमधले बाकीचे तिघं गोव्याकडचे, लहानपणापासून चर्चच्या क्वायरमध्ये वाढलेले, कागद समोर धरला की धडाधड गायचे, नोटेशन न येणारी मी एकटीच. एका हॉटेलच्या मॅनेजरनं सांगितलं की चौघांचे पैसे कशाला, एक जण पुढे उभी करा, मागे कीबोर्ड आहेच. पुढे म्हणजे मी, साडी नेसून. मी नाही म्हटलं. माझी बहीण अजून टोमणा मारते की तेव्हा हो म्हणाली असतीस तर आज तुझं नाव असतं. असेल बाई. पण मला त्या चौघांतच गायचं होतं, एकटीनं गायला मी घरी होतेच की, आणि आजही कुणी विचारलं तर मी नाहीच म्हणेन. पुढे एक दुबईला गेला, एक कॅनडाला, आणि संपलं. हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आमची एकच कॅसेट उरलीय आणि तिच्यात मधले दोन आवाज नाहीतच, रेकॉर्ड करणाऱ्यानं माइक वरच्या आवाजासमोर लावून ठेवला होता. म्हणजे आम्ही खरोखर कसे वाजायचो हे माझ्याशिवाय आता फार तर दोघातिघांना माहिती असेल.

तर रविवारी फोन तुझ्या पुढ्यात ठेवून रेकॉर्ड कर आणि मला पाठव, त्या रीलवालीचा आवाज कमी आला तरी चालेल. आणि पुढच्या गाण्याची अरेंजमेंट मी लिहिणार असं त्यांना सांगून टाक. सारेगममध्ये लिहून दिलंस तर तुमचा बेसवाला वाचणार नाही, तेव्हा स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरचं लिखाण, शिकावंच लागेल, मलाही त्या तिघांनी शिकवलं तेव्हाच आलं. वांद्र्याला एक सर आहेत, नंबर देते, पण खरंच जाणार असशील तरच सांग, मागच्या वेळेसारखं मला त्यांची माफी मागायला लावू नकोस.