वाटणाला कुणी नाव ठेवत नाही

आखाड लागला की माझ्याकडं येणाऱ्या प्रश्नांची जात बदलते. एरवी 'भात खाऊ का' विचारणारे आता 'रस्सा किती वाट्या' विचारतात. श्रावणाच्या आत हौस भागवून घ्यायची असते, आणि रक्ताचे रिपोर्टही नेमके तेव्हाच हातात पडतात. यावेळचे काही प्रश्न घेते.

ताई, आमच्या मिस्टरांचं कोलेस्टेरॉल वाढलंय. डॉक्टर म्हणाले मटण कमी करा. पण रविवारी मटण नसलं तर हे दिवसभर तोंड पाडून बसतात. चिकन केलं तर 'हे काय आजाऱ्याचं' म्हणतात. काय करू सांगा की. — एक गृहिणी, निपाणी

वहिनी, मटण कमी करायचंच आहे, त्याबद्दल डॉक्टरांशी माझा वाद नाही. पण आधी सांगा, किलोभर मटणाला खोबरं किती घालता? हा प्रश्न विचारला की बायका वाटी दाखवत नाहीत, ओंजळ दाखवतात.

शंभर ग्रॅम सुक्या खोबऱ्यात साठ ग्रॅमच्या वर चरबी असते, आणि ती बहुतेक सगळी संपृक्त, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढलेल्या माणसानं जिच्यापासून लांब राहायचं तीच. वरची चरबी काढलेल्या बोकडाच्या मटणात शंभर ग्रॅमला दहा ग्रॅमही भरत नाही. तरी घरात शिव्या मटणाला बसतात. वाटणाला कुणी नाव ठेवत नाही.

म्हणून वाटणापासून सुरुवात करा. खोबरं दोन चमचे, वासापुरतं. दाटपणा कांद्यानं आणायचा. दोन मोठे कांदे सालासकट थेट गॅसवर किंवा चुलीच्या निखाऱ्यात काळे होईपर्यंत भाजा, वरची साल काढा, आतला मऊ गर घ्या. त्यात मूठभर पंढरपुरी डाळं, चमचाभर तीळ, आलं, लसूण, कोथिंबिरीच्या काड्या. हे सगळं कोरड्या तव्यावर परतून वाटलं की रस्सा असा मिळून येतो की खोबरं गेल्याचं घरात कुणाला कळत नाही. माझ्या सासूबाईंना दोन वर्षं कळलं नव्हतं. कळल्यावर बोलल्या नाहीत, तो भाग वेगळा.

रंगासाठी तेल लागतं असं वाटतं, पण रंग मिरचीचा असतो. नुसती संकेश्वरी वापरली तर तोंड आधी जळतं आणि रंग मागून येतो. निम्मी ब्याडगी घ्या, कमी तेलातही लाल दिसेल. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते: आपल्या घरच्या कांदा-लसूण चटणीत मीठ कुटतानाच घातलेलं असतं. मटण शिजवताना मीठ, वाटणात मीठ, वर चटणीतलं मीठ. माणशी दिवसाचं पाच ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट चहाचा चमचा, दुपारच्या एका ताटात संपतं. चटणी घालून चव बघा, मगच मिठाच्या बरणीला हात लावा.

जमलं तर मटण शनिवारी रात्रीच शिजवून सुपासकट फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वर पांढरा थर गोठलेला दिसेल, तो चमच्यानं उचलून टाका. मिस्टरांना तो थर एकदा दाखवाच, पुढचं बोलणं वाचतं. खाटकाकडं मांडीचं मागा, सीना आणि चाप नको. ते चवीला झकास, पण चरबी तिथंच. ताटात चार फोडी, जोंधळ्याची भाकरी, आणि कांदा-काकडी-मुळा चिमूटभर नाही, वाटीभर. पांढऱ्या रश्शाबद्दल विचारलं नाहीत, पण विचाराल म्हणून सांगते: तिखट नाही म्हणजे हलका असं नसतं. तो नारळाच्या दुधाचा आहे.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, तरी बेळगावात मासे मिळतातच. ते घ्यावेत का? आणि ताजे कसे ओळखायचे? — टिळकवाडी

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटी बंद असतात. लहान होड्या किनाऱ्यालगत जातात, त्यांचा थोडा माल येतो. बाकीचा बर्फातला साठवणीचा किंवा लांबून आलेला. नीट गोठवलेल्या माशाला वाईट म्हणायचं कारण नाही. वाईट आहे तो वितळून पुन्हा गोठवलेला, आणि बर्फाशिवाय टोपलीत दुपार काढलेला.

यातला धडा मी स्वतः गिरवलाय. काही वर्षांपूर्वी रविवारी उशिरा बाजारात गेले. एका टोपलीत शेवटचे सहा बांगडे, भाव पाडून. डोळे जरा आत गेलेले होते, पण मोह झाला. आमसूल, तिरफळ घालून झकास कढी केली. पहिल्या घासालाच जिभेला मिरी चावल्यासारखी चुणचुण झाली. मी म्हटलं तिरफळ जास्त झालं असेल. अर्ध्या तासात तोंड लालबुंद, कान गरम, डोकं ठणकायला लागलं, छातीत धडधड. घरच्यांना वाटलं मला माशाची ॲलर्जी आली. जन्म मासे खाण्यात गेला आणि आता ॲलर्जी?

ती ॲलर्जी नव्हती. बांगडा, कुपा, सुरमई, तारली अशा माशांत पकडल्यावर गारवा मिळाला नाही तर जिवाणू हिस्टामिन नावाचं द्रव्य तयार करतात, आणि ॲलर्जीसारखा त्रास त्यानं होतो. एकदा झालं की उकळून जात नाही, तळून जात नाही, पुन्हा गोठवूनही जात नाही. आंबट, हळद, तिरफळ, कशाचा उपयोग नाही. कारवार किंवा गोव्याहून घाट चढून आपल्यापर्यंत माल यायला काही तास जातात; त्या तासांत बर्फ होता की नव्हता, सगळं त्यावर. म्हणून सकाळी जा आणि बर्फात पुरलेला मासाच घ्या. बांगडा हातात धरला की ताठ राहायला हवा, लोंबला तर सोडून द्या. डोळा फुगीर आणि स्वच्छ, कल्ला लाल, पोट न फुटलेलं, बोट दाबलं की मांस परत वर येणारं. घरी येताना वाटेत भाजी घेत बसू नका, भाजी आधी घ्या. आणि खाताना जीभ चुणचुणली तर पैसे गेले म्हणून पुढचा घास खाऊ नका. श्वासाला त्रास झाला तर थेट दवाखाना.

खात्रीचा समुद्री मासा मिळत नसेल तर हे दोन महिने धरणा-तळ्यातला कटला, रोहू किंवा मरळ घ्या. नदीचा मासा मातकट लागतो ही तक्रार खरी आहे. मीठ-हळद आणि लिंबू लावून वीस मिनिटं ठेवा, धुवा, मग मसाला. रव्यात घोळवून तेलात बुडवलात तर मात्र माशाचं नाव आणि तेलाचं जेवण होतं. मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळा, तव्यावर झाकण ठेवून दोन्ही बाजू करा. एक चमचा तेल पुरतं.

अक्का, मला युरिक ॲसिड आहे. गुडघा, अंगठा सुजतो. मी मटणाच्या फोडी सोडल्या, आता फक्त आळणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनमसाल्याचं पाणी, आणि पायाचं सूप घेतो. तरी दुखतंय. — निवृत्त शिक्षक, चिकोडी

गुरुजी, चुकीचं ते ठेवलंत आणि त्यातल्या त्यात बरं ते सोडलंत. युरिक ॲसिड ज्या प्युरिनपासून होतं ते पाण्यात विरघळतं. मटण शिजताना त्यातलं बरंच पाण्यात उतरतं, म्हणजे तुमच्या आळणीत. लेकरांना आणि बाळंतिणीला आळणी देतात म्हणून ती सगळ्यांना मानवते असं नाही. सूप बंद करा. काळीज, गुर्दा, तारली, सुकट हेही बंद. दुखणं उतरल्यावर, तुमच्या डॉक्टरांना विचारून, उकळून पाणी टाकलेल्या चिकनच्या दोन-तीन फोडी आठवड्यातून एखाद-दोनदा चालतील. पाणी भरपूर प्या. मटणाबरोबर बिअर घेत असाल तर ती पहिली सोडायची. पत्रात लिहिलं नाहीत म्हणून विचारते.

सुकी मासळी बीपीला चालते का? — खानापूर

खारा बांगडा नाही. जवळा आणि सुके बोंबील बहुधा नुसते उन्हात वाळवलेले असतात, त्यांत मीठ कमी. तरी कोमट पाण्यात दोनदा भिजवून पाणी टाका, आणि भाजीत वरून मीठ घालू नका. पावसात महिन्यातून दोनदा, भाकरीबरोबर, चमचाभर. त्यापेक्षा जास्त लागत असेल तर तो प्रश्न बीपीचा नाही, खानापूरच्या पावसाचा आहे.

मी जिमला जातो. रोज पाऊण किलो उकडलेलं चिकन खातो. आई म्हणते घरचं जेव. — अथणी

आईचं ऐका. साध्या माणसाला वजनाच्या किलोमागं सुमारे पाऊण-एक ग्रॅम प्रथिनं लागतात, व्यायाम करणाऱ्याला थोडी जास्त. चिकनच्या शंभर ग्रॅममध्येच बावीस-तेवीस ग्रॅम मिळतात, तेव्हा दिवसाला दोन-अडीचशे ग्रॅम खूप झालं. बाकी आमटी, दही, अंडी भरून काढतात. आणि उकडून कशाला? दही, आलं-लसूण, हळद, आईची चटणी लावून तासभर फ्रीजमध्ये ठेव आणि झाकणाच्या तव्यावर कर. कच्ची अंडी पीत असशील तर ते आजच थांबव.

चिकन किती पाण्यानं धुवायचं? — शहापूर

नळाखाली धरून एकदाही नाही. धार पडली की त्याचे शिंतोडे कट्ट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात आणि जंतू तिकडं जातात. पिसं, हाडाचे तुकडे असतील तर भरल्या पातेल्यात हलक्या हातानं काढा, ते पाणी सावकाश मोरीत ओता. जंतू मरतात ते शिजताना, हाडाजवळचं मांस गुलाबी राहता कामा नये. आणि कोशिंबिरीची काकडी आधी चिरून ठेवा, सुरी आणि पाट चिकनला लागायच्या आत.