त्रेपन्न सांगितलं की मुलं ३५ का लिहितात?

ताई, तुमचे प्रश्न दोन आहेत. दुसरी-तिसरीच्या जोडवर्गात बरीच मुलं 'त्रेपन्न' ऐकून ३५ लिहितात, त्याचं काय करायचं? आणि मुलं कशी शिकतात यावरचं जे संशोधन प्रशिक्षणात ऐकलं, त्याचा इथं काही उपयोग आहे का? उपयोग नक्की आहे. पण संशोधनातून तासाचं तयार टाचण मिळत नाही. चूक कुठून आली हे ओळखण्याची नजर मात्र त्यातून मिळते, आणि उपाय त्यानंतरच ठरतो.

म्हणून आधी श्रुतलेखनाच्या वह्या घेऊन बसा आणि चुका वेगवेगळ्या काढा. ५३ चे ३५ होणं ही एक जात. 'एकोणसाठ' ऐकून ६९ लिहिणं ही दुसरी. 'दोनशे चार'साठी २००४ लिहिणं ही तिसरी. लाल फुली तिघांनाही सारखीच मिळते, कारणं मात्र अगदी निराळी असतात.

पहिल्या जातीबद्दल जरा सविस्तर सांगतो. मराठीत 'त्रे' आधी ऐकू येतं, 'पन्न' मागून. लिहायचं मात्र उलट्या क्रमानं. म्हणजे मुलानं ऐकलेलं मनात धरून ठेवायचं, फिरवायचं आणि मग लिहायचं. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांवर झुबर, पिक्सनर, मोलर आणि न्यूर्क यांनी केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात संख्या लिहिण्यातल्या चुकांपैकी जवळपास निम्म्या या उलटापालटीशी निगडित होत्या, आणि त्यांचा संबंध कार्यस्मृतीशी, म्हणजे थोडा वेळ माहिती धरून तिच्यावर काम करण्याच्या क्षमतेशी, दिसला. ३५ लिहिणाऱ्या मुलाला 'कच्चा' म्हणू नका. त्यानं ऐकलं नीट, अंकही त्याला येतात. फिरवताना तो अडकतो. ५३ शंभर वेळा लिहायला लावलं तर त्याचा फक्त हात दुखेल.

त्याला काडेपेटीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या द्या. 'त्रेपन्न दे' म्हटल्यावर त्यानं पाच गठ्ठे आणि तीन काड्या दिल्या, तर संख्या त्याला कळली आहे आणि अडचण फक्त लिहिण्यात आहे. देता आलं नाही, तर लिहिणं बाजूला ठेवा, आधी मोजणी आणि गठ्ठे. ही एवढी परीक्षा दोन मिनिटांत होते, आणि लेखी चाचणीतून न कळणारी गोष्ट सांगून जाते. मग काही दिवस संख्या सांगताना जोडीनं बोला: 'त्रेपन्न, पन्नास आणि तीन.'

यावरून २०१९ मध्ये केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'सोबत 'साठ तीन' अशी रीत आली आणि मराठी बुडाली म्हणून ओरड झाली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर सांगत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत, दोन्ही रीती दिल्या आहेत. माझ्या मते ते पाऊल योग्यच होतं. चिनी भाषेत अकराला 'दहा एक' म्हणतात. केविन मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली चिनी आणि अमेरिकन बालकांची तुलना केली, तेव्हा दहापर्यंत दोघं बरोबरीनं मोजत होती. अमेरिकन मुलं मागे पडली ती दहाच्या पुढे. आपली नावं तर इंग्रजीहूनही अवघड आहेत. बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न यांत 'दोन' शोधून दाखवा! मुलांनी ही नावं शिकलीच पाहिजेत, पण अर्थ हाती लागेपर्यंत आधार द्यायला काय हरकत आहे?

एकोणसाठवाल्यांना शंभर मण्यांची माळ हवी, दर दहा मण्यांना रंग बदलणारी. 'साठच्या आधीचा मणी दाखव' हे पुष्कळदा करून घ्या. 'शेवटी नऊ आला की एकोण' असा नियम मात्र सांगू नका, नव्व्याण्णवला तो मोडतो.

२००४ लिहिणाऱ्या मुलाचं मला कौतुक वाटतं. त्यानं २०० लिहिले आणि पुढे ४ लिहिला, म्हणजे 'दोनशे' आणि 'चार' हे भाग त्याला कळलेत. २०० लिहिलेल्या कार्डावर उजवीकडे ४ चं कार्ड ठेवून शेवटचं शून्य झाकलं जाताना त्याला दाखवा. बहुतेकांना एवढं पुरतं.

सराव रोज थोडा ठेवा: पाच-सहा संख्या, त्यांत दोन मागच्या आठवड्यातल्या. शिकलेलं मध्ये वेळ जाऊ देऊन पुन्हा आठवायला लावलं की जास्त टिकतं, हे शिकण्यावरच्या संशोधनात वारंवार दिसलेलं आहे.

आणि प्रशिक्षणात सांगितलेली 'बघून शिकणारी, ऐकून शिकणारी' अशी मुलांची विभागणी सोडून द्या. पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये त्यावरचे अभ्यास तपासले. तशी विभागणी करून शिकवल्यानं फायदा होतो याला पुरेसा आधार त्यांना मिळाला नाही. काड्या, माळ आणि बोलणं वर्गातल्या सगळ्याच मुलांना लागतं.

तुमच्या वर्गात कुठल्या जातीच्या चुका जास्त निघतात ते कळवा. घरी हिंदी किंवा पावरी ही आदिवासी बोली बोलणारी मुलं असतील तर त्यांची नोंद वेगळी ठेवा. त्यांच्या बाबतीत आधी मराठी संख्यानाव ओळखीचं आहे का, हे पाहावं लागेल.