लिनक्स शिकताना अडल्यावर मदत नेमकी कुठे शोधायची?

तुम्ही लिहिलंय की दोन महिने लिनक्स शिकताय. काही अडलं की इंटरनेटवरून कमांड उचलता, ती चालते, पण पुढच्या वेळी पुन्हा शोधावी लागते. मॅन पेज, म्हणजे 'मॅन' कमांडने उघडणारं मॅन्युअलचं पान, उघडलं तर डोक्यावरून जातं. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, वेळ कशी लिहायची हे 'मॅन क्रॉनटॅब' मध्ये सापडलंच नाही. मग शिकायचं कशावरून?

मॅन पेजवरूनच, असं माझं ठाम मत आहे. फक्त ती वाचायची एक रीत असते आणि ती सहसा कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या क्रॉनबद्दल. मॅन्युअलचे मुख्य आठ विभाग असतात. पहिल्यात रोजच्या कमांड, दुसऱ्यात सिस्टिम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे केलेली मागणी), तिसऱ्यात लायब्ररीतली फंक्शन्स, पाचव्यात फाइलींचे फॉरमॅट, आठव्यात ॲडमिनिस्ट्रेशनच्या कमांड. 'क्रॉनटॅब' नावाची पानं दोन आहेत. विभाग सांगितला नाही तर पहिल्यातलं उघडतं, आणि त्यात फक्त कमांडचे ऑप्शन असतात. वेळ कशी लिहायची ते फाइलच्या फॉरमॅटमध्ये येतं, म्हणून 'मॅन ५ क्रॉनटॅब' म्हणायला हवं. पासवर्ड बदलण्याची 'passwd' कमांड आणि त्याच नावाची फाइल यांचंही असंच आहे. पानाच्या तळाशी 'सी ऑल्सो' असतं, तिथे नावापुढे कंसात जो आकडा दिसतो तो विभागाचा.

ते पाचव्या विभागातलं पान पूर्ण वाचा, लहान आहे. मी वाचलं नव्हतं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक काम चालावं म्हणून मी तारखेच्या रकान्यात १-७ आणि वाराच्या रकान्यात १ लिहिलं. ते पहिले सातही दिवस चाललं आणि वर प्रत्येक सोमवारी चाललं. तारीख आणि वार दोन्ही दिले, तर दोन्हींपैकी एक जुळलं तरी क्रॉन काम चालवतो, आणि हे त्या पानावर स्पष्ट लिहिलेलं आहे. उचललेल्या ओळीसोबत अशी गोष्ट कधीच येत नाही. म्हणूनच मी पानाचा इतका आग्रह धरतो.

आता वाचायची रीत. वरचा 'सिनॉप्सिस', म्हणजे कमांड कशी लिहायची याचा थोडक्यात नमुना, बहुतेक जण वगळतात, पण अर्धं उत्तर तिथेच असतं. चौकोनी कंसातलं दिलं नाही तरी चालतं, तीन टिंबं म्हणजे ते अनेकदा देता येतं, उभी रेघ म्हणजे दोन्हींपैकी एक. लिनक्सवर फाइल कॉपी करणाऱ्या 'सीपी' च्या पानावर एक ओळ आहे: सीपी [ऑप्शन]... सोर्स... डिरेक्टरी. या एका ओळीतून कळतं की एकाच वेळी कितीही फाइली देता येतात, पण मग शेवटी डिरेक्टरीच हवी. खालचं वर्णन सलग वाचत बसू नका. '/' दाबून हवा तो ऑप्शन शोधा, 'एन' ने पुढच्या जागी जा, 'क्यू' ने बाहेर पडा. पानात 'एक्झाम्पल्स' असतील तर सरळ तिथेच उडी मारा.

ही पानं इतकी कोरडी का, तर ती शिकवण्यासाठी लिहिलेलीच नाहीत, संदर्भासाठी आहेत. लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनलं त्या युनिक्सचे निर्माते केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्स मॅन्युअलच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे, आणि नाव, सिनॉप्सिस, वर्णन, सी ऑल्सो हा साचा तेव्हापासूनचा. त्यात प्रोग्रामचे दोष नोंदवायला 'बग्ज' असा स्वतंत्र भाग होता, आजही अनेक पानांवर असतो. आपल्या प्रोग्राममधली चूक मॅन्युअलमध्येच लिहून ठेवायची, हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

कमांडचं नावच माहीत नसेल तर 'मॅन -के' आणि पुढे कामाशी संबंधित इंग्रजी शब्द द्या. 'अप्रोपॉस' हीसुद्धा तीच कमांड. शोध पानाच्या नावात आणि एका ओळीच्या वर्णनात होतो, म्हणून साधे शब्द वापरून बघा. काहीच मिळालं नाही तर यादी तयार झालेली नसेल, रूट, म्हणजे सर्वाधिकारी यूझर, म्हणून 'मॅनडीबी' चालवा. फोल्डर बदलणाऱ्या 'सीडी' सारख्या कमांड शेलच्या, म्हणजे तुमच्या कमांड समजून घेणाऱ्या प्रोग्रामच्या, पोटातल्या असतात, बऱ्याच लिनक्सवर त्यांचं वेगळं पान नसतं. 'टाइप सीडी' विचारलं की ते कळतं, आणि बॅश या शेलमध्ये 'हेल्प सीडी' ने माहिती मिळते.

इंटरनेटपेक्षा आपल्या मशीनवरचं पान भरवशाचं का, तर ते तुमच्याकडच्याच व्हर्जनचं असतं. लिनक्सवर मजकूर बदलणाऱ्या 'सेड' कमांडच्या 'सेड -आय' नंतर काही न देता फाइल जागच्या जागी बदलता येते. मॅकओएसवर त्याच ऑप्शनला बॅकअपचं एक्स्टेन्शन द्यावंच लागतं, नको असेल तर रिकामं अवतरण. तीच ओळ एकीकडे चालते, दुसरीकडे एरर देते, आणि नवशिक्याला वाटतं आपलंच चुकलं.

'/यूएसआर/शेअर/डॉक' या फोल्डरमध्येही डोकावत जा, तिथे पॅकेजच्या रीडमी फाइली असतात. जीएनयू या प्रकल्पाच्या कमांडचं (लिनक्सवरच्या रोजच्या बऱ्याच कमांड त्याच्याच) सविस्तर मॅन्युअल 'इन्फो' मध्ये मिळतं. सलग शिकायचं असेल तर फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या दुसऱ्या सिस्टिमचं हँडबुक वाचण्यासारखं आहे. आर्च या लिनक्स डिस्ट्रोच्या आर्चविकीचा उपयोग तर आर्च न वापरणाऱ्यांनाही होतो.

एवढं करूनही अडलं तर माणसांना विचारा, त्यात संकोच नको. काय करायचं होतं, नेमकी कोणती कमांड दिली, पडद्यावर काय आलं, एवढं सांगा. एरर आठवणीतून लिहू नका, फोटोही नको. मजकूर जसाच्या तसा कॉपी करा. '/ईटीसी/ओएस-रिलीज' मधलं नाव आणि व्हर्जन सोबत द्या. कोणतं पान वाचलं आणि कुठे अडलात हेही लिहा, सांगणाऱ्याला नेमकं तिथून सुरू करता येतं.

आणि तुमची क्रॉनची ओळ टर्मिनलमध्ये चालते पण क्रॉनमध्ये चालत नाही असं झालं, तर त्याच पाचव्या विभागातल्या पानावर 'एन्व्हायर्नमेंट' हा शब्द शोधा.