आवाज जोडून पोट भरतं का?

प्रश्न : माझा मुलगा बारावीनंतर ‘इलेक्ट्रोअकूस्टिक संगीत’ करायचं म्हणतो. मिक्सर, पंखा, जिन्यातल्या चपला, सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करून कॉम्प्युटरवर कापत-ताणत बसतो. ह्याला संगीत म्हणायचं का, हा नाद मी सोडलाय. पण असं काम करणाऱ्याचं आयुष्य जातं कसं? पैसे कुठून येतात?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, तो नाद सोडलात ते बरं केलंत. आमच्या आकाशवाणीच्या कँटीनमध्येही त्या वादाचा कधी निकाल लागला नाही. पैशांचं विचारताय, तर एकाच माणसाचं सांगते.

मॉर्टन सबॉटनिक. जन्म १९३३, लॉस एंजेलिस. हातातलं वाद्य क्लॅरिनेट, आणि तेही ऑर्केस्ट्रात वाजवण्याइतकं पक्कं. मिल्स कॉलेजात दारियुस मिल्हों ह्या फ्रेंच संगीतकाराकडे रचना शिकला, पुढे तिथेच शिकवू लागला. वाजवणं आणि शिकवणं ही पोटापाण्याची बाजू, हे लक्षात ठेवा.

१९६२मध्ये रमोन सेंडर ह्या संगीतकाराबरोबर त्याने सॅन फ्रान्सिस्को टेप म्युझिक सेंटर काढलं. तेव्हा आवाज जोडायचे म्हणजे टेप ब्लेडने तिरकी कापायची आणि चिकटवायची. ते काम मीही केलंय. मिनिटभराच्या तुकड्याला दुपार जाते. ह्या दोघांनी डॉन बुक्ला नावाच्या इंजिनिअरला गाठलं आणि रॉकफेलर फाउंडेशनच्या अनुदानातले ५०० डॉलर देऊन विजेवर आवाज घडवणारं नवं यंत्र बनवायला सांगितलं. त्या यंत्राला काळ्या-पांढऱ्या पट्ट्या नव्हत्या, बोट टेकवायच्या धातूच्या पट्टिका होत्या. पियानोच्या पट्ट्या दिसल्या की बोटं जुन्याच वाटेने जातात, ही सबॉटनिकची धास्ती. आपल्याला हे वेगळं सांगायला नको. पेटीतून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही म्हणून आकाशवाणीने १९४०पासून तीस वर्षं पेटीला दाराबाहेर ठेवलं होतं!

१९६७मध्ये नॉनसच ह्या रेकॉर्ड कंपनीने सबॉटनिकला पैसे देऊन खास तबकडीसाठी रचना करवून घेतली : ‘सिल्व्हर ॲपल्स ऑफ द मून’. इलेक्ट्रॉनिक संगीतात असं पहिल्यांदाच घडत होतं. लांबी अर्ध्या तासाच्या आसपास, कारण तबकडीच्या दोन बाजूंत बसवायची होती. मैफलीचं रेकॉर्डिंग नव्हे, घरी बसून ऐकायलाच केलेलं संगीत. तबकडी गाजली, तरी त्याने नोकरी सोडली नाही. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्स उभी राहिली तेव्हा पहिल्या शिक्षकांमध्ये तो होता.

मुलगा ‘इंटरॅक्टिव्ह’ असा शब्द वापरत असेल, तर ते असं. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात सबॉटनिकने ‘घोस्ट’, म्हणजे भुताच्या रचना केल्या. टेपवर ऐकू येईल असं काहीच नाही, फक्त यंत्राला दिलेल्या सूचना. वादक वाजवतो, त्याचा आवाज यंत्रातून जातो, आणि त्या सूचनांप्रमाणे लहान-मोठा होतो, स्वर घसरतो, ह्या स्पीकरमधून त्या स्पीकरकडे सरकतो. मला त्याच्या सगळ्या कामात हेच सर्वांत आवडतं, कारण वादक स्टेजवरच राहतो. नव्वदच्या दशकात त्याने मुलांसाठी सीडी-रॉम केली. नोटेशन न येणाऱ्या मुलाने माउसने रेघा ओढायच्या, की त्यांचं संगीत व्हायचं.

आपल्याकडे हे नवं खूळ आहे असंही समजू नका. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९मध्येच मूग सिंथेसायझर, म्हणजे असंच विजेवर आवाज घडवणारं यंत्र, बसवला होता.

तर, मुलाला एखादं वाद्य येतं का? तबला, बासरी, काहीही. येत असेल तर क्लास बंद करू नका, ती फी वाया जात नाही, वाद्यच पुढे पोटाला कामी येतं. महागडं सॉफ्टवेअर आत्ताच घेऊ नका. ‘प्युअर डेटा’ फुकट मिळतं आणि त्यात आवाजाला सेन्सर जोडता येतो. आणि ती १९६७ची तबकडी दोघं मिळून ऐका. दुसऱ्या बाजूपासून सुरुवात करा, तिच्यात ठेका आहे. पहिली बाजू तुम्हाला मिक्सरचीच वाटेल.