मला तरी कुठं सगळं येतंय?

"मॅडम, लोक कायतरी विचारतील आणि मला येणार नाही."

बेळगावात टिळकवाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते सुरू झालं की शेवट मीच मनात पुरा करते. नोकरीच्या मुलाखतीआधी, शाळेत नव्यानं रुजू होताना, एकदा तर लग्न ठरलेल्या मुलाकडूनसुद्धा. इथं जिच्याबद्दल लिहितेय ती मुलगी संशोधक आहे. तिला विचारून लिहितेय, ओळख पटेल असं गाळलंय.

ती शहरातल्या ओढ्यांवर पीएच.डी. करते. म्हणजे नाल्यात उतरायचं, दगड उलटायचे, खालच्या अळ्या वेचून मोजायच्या. घरचं भाताचं शेत बळ्ळारी नाल्याकाठचं, त्यामुळं पुराचं पाणी तिला पुस्तकाआधी बांधावर भेटलेलं. तिच्या गाईडनी सुचवलं, परदेशातल्या परिषदेत नुसता पेपर वाचू नकोस, कार्यशाळेचा प्रस्ताव दे. तेव्हापासून झोप उडालेली.

मी चुकले. मला वाटलं, ही सभेची भीती. दोन भेटी श्वासाच्या व्यायामात घालवल्या. तिनं ते मन लावून केले. तिसऱ्या वेळी म्हणाली, "श्वास मस्त चाललाय मॅडम. प्रस्ताव कोराच आहे."

मग विचारलं, "पेपर वाचताना अशी घाबरतेस?"

"छे. पेपरात मला येतं तेवढंच असतंय."

गाठ इथं होती. प्राथमिक शाळा मराठी, तालुक्याच्या कचेरीतले कागद कानडी, कॉलेज इंग्रजी. तिन्हीकडं ती एकच शिकली होती, चूक होणार नाही तेवढंच बोलायचं. आमच्या सीमाभागात हे मी फार बघते. इथं चुकलं की नुसती चूक राहत नाही, मागोमाग "कुठल्या शाळेत होतीस?" येतं. आणि कार्यशाळा म्हणजे दीड तास दुसऱ्यांच्या तोंडी.

मी तिला विषय समजावून सांगायला लावला. मला खरंच कळत नव्हता, नाटक नव्हतं. तिनं सांगितलं ते असं. गाव वाढलं की माती डांबराखाली जाते, पाऊस मुरत नाही, गटारातून थेट ओढ्यात पडतो. एकदम पूर, लगेच ओहोटी. पात्र खरवडून निघतं. नाजूक किडे जातात, घाणीत टिकणाऱ्या लाल अळ्या उरतात. शहरी ओढ्यांच्या या सगळ्या लक्षणांना मिळून शास्त्रज्ञ 'अर्बन स्ट्रीम सिंड्रोम' म्हणतात. २००३ साली मेलबर्नला या विषयावर परिषद भरली, २००५ मध्ये क्रिस्तोफर वॉल्श आणि सहकाऱ्यांचा त्यावरचा लेख आला.

"पण मॅडम, त्यातले बरेच ओढे ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतले. आमच्या नाल्यात पावसाचं पाणी, सांडपाणी, शेताचा निचरा सगळं एकत्र. वर जलपर्णी. मग हे वर्णन इथं बसतंय काय? मला माहीत नाही."

"हाच प्रस्ताव," मी म्हटलं. तिला पटलं नाही. उत्तर नसलेला माणूस पुढं कसा उभा राहणार?

मग मी पैऱ्याची आठवण काढली. भातलावणीला पैऱ्यानं, म्हणजे आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या, अशी माणसं येतात. ज्याचं शेत, तो सगळ्यांत चांगला लावणारा असतो असं नाही. चिखल तयार ठेवायचा, रोपांच्या मुठी बांधावर पोचत्या करायच्या, कुठल्या वाफ्यात कोण ते सांगायचं, चहा वेळेवर आणायचा. लावतात सगळे मिळून. ती पहिल्यांदा हसली. "आणि बांधावर बसून नुसतं शिकवणाऱ्याला आजोबा म्हणतात, काय करूलालास तिथं, उतर की खाली."

त्या दिवशी प्रस्तावाला हात लागला. प्रश्न एकच ठेवला. माणसं वीस, टेबलं चार. पहिली दहा मिनिटं ती बोलणार, मग प्रत्येकानं आपल्या गावच्या ओढ्याचा नकाशा काढायचा आणि कुठलं लक्षण दिसतं, कुठलं दिसत नाही ते खुणावायचं. शेवटी चारी टेबलांचे कागद एका भिंतीवर. इंग्रजीत अडखळणाऱ्यांसाठी आधी चिठ्ठीवर लिहायला वेळ. ही कल्पना तिचीच, आणि ती कुठून आली हे सांगायला नको. जोडीला दुसऱ्या देशातली एक संशोधक घेतली, म्हणजे एकटीच्या खांद्यावर ओझं नको. एवढी मांडणी कागदावर आली तेव्हा भीती गेली नव्हती, पण तिला बसायला जागा मिळाली होती.

तालीम मात्र मी हट्टानं गावातच करायला लावली. देवळाच्या ओट्यावर अकरा शेतकरी, खडू, फरशी. चौथ्या मिनिटाला ती अडली. गप्प झाली. त्या गप्पपणात एका म्हाताऱ्यानं खडू उचलला आणि पूर्वी पाणी कुठून वळायचं ते काढून दाखवलं. दुसऱ्यानं ते खोडलं. पुढं अर्धा तास तिला बोलायची संधीच मिळाली नाही, आणि तिच्या वहीत चार पानं भरली.

प्रस्ताव मंजूर झाला, वेळ मात्र दीड तासाचा एक तास करून. एक टेबल कमी करावं लागलं.

परत आल्यावर ती भेटायला आली. कार्यशाळेत एकानं काहीतरी विचारलं, ते तिला कळलं नाही. पुन्हा विचारायला सांगितलं. दुसऱ्यांदाही कळलं नाही.

"मग?"

"मग मी त्याच्या हातात मार्कर दिला."